निजामशहाचा पोर्तुगीज वैद्य आणि न लिहिलेला धर्म

निजामशाहीचे नाव निघाले, की अहमदनगरचा भुईकोट किल्ला, चांदबीबी आणि मलिक अंबर ही नावे ओघानेच येतात. चांदबीबीने मोगलांविरुद्ध हा किल्ला लढवला, त्याच्या सुमारे अर्धशतक आधी या नगरीच्या दरबारात एक पोर्तुगीज वैद्य वावरत होता. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता आणि स्नेहीही होता. गार्सिया द ओर्ता हे त्याचे नाव. भारतातील औषधी वनस्पतींवर युरोपीय भाषेत पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. परंतु त्याच्या चरित्राला आणखी एक बाजू आहे आणि ती त्याच्या मृत्यूनंतर साडेतीनशेहून अधिक वर्षे दप्तरात बंद राहिली. जगासमोर कॅथलिक म्हणून वावरणारा हा वैद्य घराच्या चार भिंतींत ज्यू होता.

चार भिंतींत ज्यू असणे म्हणजे नेमके काय असणे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. ज्या पिढीत ओर्ता वाढला, त्या पिढीच्या पोर्तुगालमध्ये सिनेगॉग बंद झाली होती, हिब्रू धर्मग्रंथ काढून घेतले गेले होते आणि धर्म शिकवणारे गुरू उरले नव्हते. मागे राहिल्या होत्या त्या घरातल्या रीती. ग्रंथाविना, गुरूविना, केवळ रीतींच्या आधारावर धर्म टिकतो का? आणि टिकला, तर त्या रीतींना ग्रंथाइतका अधिकार आहे असे म्हणायचे का? ज्यू धर्मातील एका फार जुन्या वादाचे हे मूळ आहे. ओर्ताचे चरित्र समजून घ्यायचे तर तो वाद आधी थोडक्यात पाहिला पाहिजे.

ग्रंथ आणि परंपरा

ज्यू धर्मपंडितांची म्हणजे रब्बींची अशी श्रद्धा आहे, की सिनाय पर्वतावर मोशेला ईश्वराकडून दोन गोष्टी मिळाल्या. एक लिखित तोराह, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील पहिली पाच पुस्तके. दुसरी मौखिक तोराह, म्हणजे त्या पुस्तकांचा अर्थ आणि आचार सांगणारी, गुरूकडून शिष्याकडे तोंडी चालत आलेली परंपरा. ही परंपरा लिहून ठेवायची नाही असाच मूळ दंडक होता. पुढे जेरुसलेमचा विध्वंस झाला, ज्यू समाज विखुरला आणि ती विस्मरणात जाईल या भीतीने इसवी सन २००च्या सुमारास यहुदा हनासी या धर्मपंडिताने तिचे संकलन केले. हाच मिश्ना. त्यावरील पिढ्यान्पिढ्यांच्या चर्चेतून पुढे तालमूद सिद्ध झाला.

परंपरेला ग्रंथाइतकाच मान का, याचे रब्बींनी दिलेले कारण व्यवहारी आहे. ग्रंथ आज्ञा देतो. ती पाळायची कशी, हे दर वेळी सांगत नाही. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, काम करू नये असे तोराह म्हणते. काम कशाला म्हणावे हे मात्र मौखिक परंपरेने ३९ प्रकार मोजून ठरवले. डोळ्याच्या बदल्यात डोळा असे लिखित वचन आहे. परंपरेने त्याचा अर्थ नुकसानभरपाई असा लावला आणि शिक्षेतील क्रौर्य काढून टाकले. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये एवढेच ग्रंथ सांगतो. मांस आणि दूध एका जेवणात एकत्र येऊ न देण्याचा सारा आचार परंपरेतून आला. ही भूमिका सर्वांना मान्य नव्हती. प्राचीन काळी सदूकी पंथाने आणि आठव्या शतकापासून पुढे कराईट पंथाने, जे लिहिलेले आहे तेवढेच ईश्वराचे, असे म्हणून मौखिक परंपरेचा अधिकार नाकारला.

हा वाद आपल्याला अनोळखी वाटू नये. आपल्याकडे श्रुती, स्मृती आणि सदाचार ही धर्माची प्रमाणे मानली गेली आणि त्यांत बलवत्तर कोणते, यावर शतकानुशतके खल झाला. रूढी शास्त्राहूनही प्रबळ असते, हा अनुभव तर घरोघरी आहे. याच नगर जिल्ह्यातील नेवासे येथे १२९०मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्र मागावे लागल्याची कथा परंपरा सांगते. ग्रंथाचा अर्थ कोणी लावायचा आणि रूढीला किती मानायचे, हा प्रश्न या मातीत आधीपासूनच होता.

घरातला धर्म

ओर्ताचा जन्म १५०१च्या सुमारास पोर्तुगालच्या सीमेवरील कास्तेलो दे विदे या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा हजारो कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही शेजारच्या पोर्तुगालमध्ये आले. पाचच वर्षांनी तेथेही संकट ओढवले. १४९७मध्ये राजा मॅन्युएल याने ज्यूंचे सक्तीने धर्मांतर घडवले. असे बाटवलेले लोक नवख्रिस्ती म्हणून ओळखले जाऊ लागले. कायद्याने ते ख्रिस्ती होते; शेजाऱ्यांच्या लेखी मात्र संशयितच राहिले.

धर्मांतरानंतर जन्मलेल्या गार्सियाचा बाप्तिस्मा झाला, चर्चमधील प्रार्थना त्याने शिकल्या आणि स्पेनमधील सालामांका व अल्काला या नामांकित विद्यापीठांत त्याने वैद्यक व तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. मायदेशी परतून त्याने वैद्यकी सुरू केली आणि १५३०च्या सुमारास लिस्बनच्या विद्यापीठात तो अध्यापनही करू लागला. जुन्या धर्माशी त्याचा धागा जोडला गेला तो घरात. धर्मांतरित कुटुंबांत हे काम मुख्यतः स्त्रियांनी केले. हिब्रू न येणाऱ्या आया आणि आज्यांनी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणे, शनिवारी धुतलेले कपडे घालणे, डुकराचे मांस आणि खवले नसलेले मासे टाळणे, वर्षातील प्रायश्चित्ताच्या दिवशी उपास करणे, अशा मोजक्या रीती जपल्या. परक्या राजवाड्यात आपली ओळख लपवून राहिलेल्या एस्तेर राणीचा उपास या लोकांना विशेष प्रिय होता. आपले आयुष्य त्यांना तिच्या कथेत दिसत असावे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बायबल ही कुटुंबे लॅटिनमधून वाचू वा ऐकू शकत होती, कारण जुना करार ख्रिस्ती धर्मालाही मान्य होता. म्हणजे लिखित ग्रंथ त्यांच्यापासून पूर्णपणे हिरावला गेला नव्हता. हिरावली गेली होती ती परंपरा, तालमूद आणि तो शिकवणारी शाळा. तरीही जे उरले, त्यात परंपरेचाच वाटा मोठा होता. शब्बाथचा दिवा लावावा अशी आज्ञा तोराहमध्ये कुठेही नाही. ती पूर्णपणे रब्बींच्या परंपरेतून आलेली आहे. तालमूदचे पानही न पाहिलेल्या स्त्रिया तालमूदच्याच आज्ञेने दिवा लावीत होत्या.

नगरचा दरबार

१५३४च्या मार्चमध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा या सरदाराचा वैद्य म्हणून ओर्ता भारताकडे निघाला आणि सप्टेंबरात गोव्यास पोहोचला. दोनच वर्षांनी, १५३६मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची म्हणजे पाखंड्यांचा शोध घेणाऱ्या धर्मन्यायालयाची स्थापना झाली. नवख्रिस्ती घरातील बुद्धिमान वैद्याला वाऱ्याची दिशा आधीच कळली असावी, असे त्याच्या चरित्रकारांना वाटते.

सौझाबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावरील मोहिमांत फिरला, दीव येथे गेला आणि पुढे गोव्यात स्थिरावला. निजामशाही आणि पोर्तुगीज यांचा दुवा होते चौल. बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने १५२१पासून पोर्तुगीजांनी तेथे ठाणे उभारले होते. चौलचा माल घाट चढून नगरला जात होता आणि त्याच राजकीय-व्यापारी नात्यातून ओर्ताही निजामशहापर्यंत पोहोचला.

त्या काळचे अहमदनगर हे तरुण शहर होते. मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा पाया घातला होता. बालवयात गादीवर आलेला त्याचा मुलगा बुऱ्हाण हा विद्वानांचा चाहता निघाला. त्याच्या दरबारात इराणी आणि अरब हकीम होते, तसेच देशी वैद्यही होते. १५३७च्या सुमारास शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाने बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला. हा शाह ताहिर उघडपणे बारा इमामांना मानणारा शिया होता. आधुनिक संशोधक मात्र त्याला निझारी इस्माईली पंथाच्या एका शाखेचा इमाम मानतात. छळाच्या भीतीने आपली खरी श्रद्धा झाकून ठेवण्याची मुभा शिया परंपरेत आहे. ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे, हा शिया-सुन्नी मतभेदाचाही एक गाभ्याचा प्रश्न आहे. तेव्हा ओर्ताला ज्या दरबारात मान मिळाला, त्या दरबारात ग्रंथ, परंपरा आणि झाकलेली श्रद्धा हे विषय नवे नव्हते.

नगरमध्ये ओर्ताने बरेच काही शिकून घेतले. येथील हकीम गॅलनला जालिनूस म्हणतात आणि इब्न सिनाला प्रमाण मानतात, हे त्याने पाहिले. देशी वैद्यांची औषधे, त्यांची नावे आणि ती देण्याच्या पद्धती त्याने विचारून घेतल्या. निजामशहाने त्याला मोठ्या मानधनाची तयारी दाखवून वर्षातील काही महिने तरी आपल्याकडे राहावे असे सुचवले. ओर्ताने ते स्वीकारले नाही.

या नकाराकडे थोडे थांबून पाहावेसे वाटते. मुसलमानी राज्यात ज्यूंना अहल-ए-किताब, म्हणजे ग्रंथधारी समाज, असे मान्य स्थान होते. नगरच्या दरबारात ओर्ता उघडपणे ज्यू म्हणून राहू शकला असता. गोव्यात मात्र तीच ओळख प्राणघातक होती. १५४३मध्येच जेरोनिमो दियास या नवख्रिस्ती वैद्याला गोव्यात पाखंडाच्या आरोपावरून जाळण्यात आले होते. पण ओर्ताचा धर्म घरात होता आणि घर पोर्तुगीज अमलात होते. त्याचा विवाह ब्रियांदा द सोलिस या नवख्रिस्ती घरातील मुलीशी झाला होता. त्यांना दोन मुली होत्या. त्याच्या बहिणी कातारिना आणि इझाबेल यांना १५४७मध्ये लिस्बनच्या इन्क्विझिशनने पकडले होते. सुटका झाल्यावर त्या आणि आई भावाच्या आश्रयाला गोव्यात आल्या. ग्रंथाच्या नावावर मिळणारे संरक्षण नगरमध्ये होते. ज्या माणसांबरोबर रीती पाळायच्या, ती माणसे गोव्यात होती.

पोथीपेक्षा डोळे खरे

१५५४च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने मुंबईचे बेट ओर्ताला वार्षिक खंडाने दिले. आजच्या फोर्ट भागात त्याचे घर होते आणि बेटावरच्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, याचे त्याला मोठे कौतुक होते.

१५६३मध्ये गोव्यात त्याचा पोर्तुगीज भाषेतील ग्रंथ छापून झाला. भारतातील औषधे आणि वनस्पतींविषयीचे हे संवाद आहेत. स्वतः ओर्ता आणि सालामांकाहून आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य यांच्यातील या संवादांत कोरफड, हिंग, भांग, धोत्रा, नारळ, आंबा, फणस, वेलदोडे, दालचिनी, अफू यांची माहिती येते. चिंचेला अरबांनी हिंदुस्थानचा खजूर म्हटले, त्यावरून युरोपात तिचे नाव कसे पडले, हे तो उलगडून सांगतो. पटकीचे युरोपीय लेखनातील पहिले तपशीलवार वर्णन याच ग्रंथात आहे. तिचे देशी नाव त्याने मोर्शी असे लिहिले. हा आपला मोडशी हा शब्द होय.

या ग्रंथाचे मोठेपण त्यातील वृत्तीत आहे. रुआनो प्रत्येक वेळी ग्रीक आणि रोमन ग्रंथकारांचे आधार काढतो. ओर्ता शांतपणे झाडाचे पान, फळ किंवा रोगी दाखवतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुलीही तो देतो. ग्रंथ प्राचीन आहे म्हणून खरा, हे त्याने वैद्यकात नाकारले. एके ठिकाणी पारशी व्यापाऱ्यांचा उल्लेख येतो. पोर्तुगीज लोक त्यांना ज्यू समजत असत. ते ज्यू नाहीत, इराणातून आलेले आहेत, असे ओर्ता स्पष्ट करतो. ज्यू कोण नाही हे लिहिणाऱ्या या हाताला ज्यू कोण आहे हे लिहिण्याची मुभा नव्हती. त्याच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर गोव्याचा इन्क्विझिटर आलेशो दियास फाल्काओ याने तो तपासल्याची नोंद आहे.

राख आणि दप्तर

गोव्यात इन्क्विझिशन १५६०मध्ये आले होते. १५६८मध्ये ओर्ता वारला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कातारिनाला अटक झाली. भावाची प्रतिष्ठा आता तिच्या पाठीशी नव्हती. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. चौकशीत नातेवाइकांकडून जे वदवून घेतले गेले, त्यात ओर्ता खासगीत मोशेचा धर्म हाच खरा मानत होता, हेही होते. १५८०मध्ये त्याची हाडे कबरीतून उकरून जाळण्यात आली.

इन्क्विझिशन गुन्हा कशाला समजत असे, हे तिच्या जाहीरनाम्यांवरून कळते. शुक्रवारचा दिवा, शनिवारचे धुतलेले कपडे, उपासाचे दिवस, मांसातील चरबी काढून टाकण्याची पद्धत, ही लक्षणे लोकांना वाचून दाखवली जात आणि शेजाऱ्यांनी ती कळवावीत अशी आज्ञा असे. जुना करार वाचणे हे लक्षण नव्हते. तो तर चर्चमध्येही वाचला जाई. म्हणजे ज्यूपण ओळखण्यासाठी या न्यायालयाने ग्रंथापेक्षा परंपरेचाच आधार घेतला. न लिहिलेल्या धर्माला ग्रंथाचा दर्जा रब्बींनी श्रद्धेने दिला होता. त्याच्या शत्रूंनी तो व्यवहारात मान्य केला.

ओर्तानंतरही हा प्रश्न मिटला नाही. पोर्तुगालच्याच ओपोर्तो शहरातील नवख्रिस्ती घरात जन्मलेला उरिएल दा कोस्टा बायबल वाचून ज्यू धर्माकडे ओढला गेला आणि सतराव्या शतकात अॅमस्टरडॅमच्या मुक्त ज्यू वस्तीत राहू लागला. तेथील धर्म आपण वाचलेल्या ग्रंथापेक्षा वेगळा, रब्बींच्या परंपरेवर उभा आहे, हे पाहून त्याने त्या परंपरेलाच आव्हान दिले. समाजाने त्याला बहिष्कृत केले आणि १६४०मध्ये त्याने आत्महत्या केली. एकाच प्रकारच्या घरांतून आलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या कुटुंबाने ग्रंथ नसताना रीती राखल्या, तर दुसऱ्याने ग्रंथासाठी रीती नाकारल्या.

आणि हा प्रश्न आपल्या मराठी मुलखातही उगवला. चौलच्या आसपासच्या कोकणपट्टीत बेने इस्रायल समाज राहत आला. तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्यामुळे शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांच्या परंपरेनुसार जहाज फुटून त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि ग्रंथ समुद्रात गेले. शनिवार, सुंता आणि खवले-पर असलेले मासे एवढ्यावर त्यांनी धर्म राखला. भारतातील ज्यूंना शब्बाथ आणि सुंतेपलीकडे काही ठाऊक नाही, असे विख्यात ज्यू पंडित मायमोनिडीझ याने बाराव्या शतकाच्या अखेरीस एका पत्रात लिहून ठेवले होते. अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंकडून बेने इस्रायल पुन्हा प्रार्थना शिकले आणि १७९६मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. पुढे ही मराठी माणसे इस्रायलला गेली, तेव्हा १९६२मध्ये तेथील मुख्य रब्बींनी त्यांच्या विवाहांसाठी वंशाच्या चौकशीची अट घातली. शतकानुशतके त्यांना मौखिक परंपरेतील घटस्फोटाचे नियम ठाऊक नव्हते, ही त्यामागची शंका होती. निदर्शने झाली, इस्रायलच्या संसदेत चर्चा झाली आणि १९६४मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य करण्यात आले. ज्यांनी ग्रंथाविना धर्म सांभाळला, त्यांच्याकडे परंपरेचा पुरावा मागितला गेला होता.

परंपरेला ग्रंथाइतका अधिकार आहे का, याचे उत्तर धर्मपंडित आपापल्या पद्धतीने देत राहतील. ओर्ताच्या घराने ते तर्काने दिले नाही. वैद्यकात पोथीला डोळ्यांनी तपासणाऱ्या या माणसाने आईकडून आलेल्या धर्मासाठी कोणतीही पोथी पुढे केली नाही आणि त्याच्या बहिणीने त्याच धर्मापायी प्राण गमावले.

पणजीच्या चर्च चौकाजवळील उद्यानाला आज ओर्ताचे नाव आहे. त्याच्या श्रद्धेविषयी मात्र त्याने एक अक्षरही लिहून ठेवले नाही. ती जगाला कळली १९३४मध्ये, आउगुश्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो या पोर्तुगीज संशोधकाने इन्क्विझिशनची दप्तरे तपासून ती प्रसिद्ध केली तेव्हा. या घरातील तोंडी चालत आलेला धर्म अखेर कागदावर उतरला, तो त्याला राख करू पाहणाऱ्या कारकुनांच्या अक्षरात.